जवान डॉक्टरकडे का जात नाही? : रायगड किनाऱ्यावरील फौजी घरांसाठी मानसिक आरोग्याची माहिती

महाड, पोलादपूर, माणगाव, म्हसळा, श्रीवर्धन, मुरूड, अलिबाग. या पट्ट्यातील बौद्ध वस्त्यांमध्ये एखादा तरी मुलगा सैन्यात, नौदलात, सीआरपीएफमध्ये किंवा बीएसएफमध्ये असतोच. घराच्या भिंतीवर बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी वर्दीतला फोटो असतो. गावात त्या घराला मान असतो. त्या मुलाच्या पगाराची, बदलीची, पेन्शनची चर्चा होते. त्याला झोप लागते का, त्याचे मन कसे आहे, हे मात्र कोणी विचारत नाही आणि तोही सांगत नाही.

तैनातीवरील जवान मानसिक त्रासासाठी मदत का घेत नाही, असे विचारले की ठरलेले उत्तर मिळते : "लाज वाटते", "जागृती नाही". हे उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे. जवानाला बहुतेक वेळा आपल्याला त्रास होतो आहे हे कळत असते. पण डॉक्टरकडे गेल्यास काय गमवावे लागेल, याचा हिशोब त्याने मनात मांडलेला असतो. मेडिकल कॅटेगरी, बढती, हातातली बंदूक, पेन्शन, गावातली इभ्रत. यातली बरीचशी भीती खरी आहे, काही ऐकीव आहे. कार्यकर्त्यांनी हा फरक समजून घेतला तरच मदत करता येते. नुसते "लाजू नकोस" म्हणून कोणी दवाखान्याची पायरी चढत नाही.

फौजी वारसा आणि इभ्रतीचे ओझे

आजच्या रायगड जिल्ह्याचे नाव १९८१ पर्यंत कुलाबा होते. कुलाबा आणि रत्नागिरी या कोकणपट्ट्यातून ब्रिटिशांच्या मुंबई सैन्यात महार तरुण मोठ्या संख्येने भरती होत. १ जानेवारी १८१८ ची कोरेगावची लढाई आपल्याला ठाऊक आहेच. पुढे 'लढवय्या जाती'चा सिद्धांत आला आणि १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला महारांची भरती बंद झाली. कोणती जात शूर आणि कोणती नाही, हे सरकारने ठरवून टाकले. त्याविरुद्ध १८९४ मध्ये अर्ज करणारे गोपाळबाबा वलंगकर हे महाडजवळच्या रावढळचे, स्वतः निवृत्त सैनिक. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ हेही याच परंपरेतले.

पहिल्या महायुद्धात १९१७ साली १११ वी महार पलटण उभी राहिली आणि १९२१ मध्ये मोडली गेली. दुसऱ्या महायुद्धात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर होते. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे महार रेजिमेंटची स्थापना झाली. महाड तालुक्यातील आंबवडे हे गाव तर 'फौजी आंबवडे' म्हणूनच ओळखले जाते. पहिल्या महायुद्धात या एका गावातून शंभरावर माणसे गेली होती.

या इतिहासाचा अभिमान योग्यच आहे. पण त्याची एक बाजू आपण पाहत नाही. ज्या समाजाला "तुम्ही लढवय्ये नाही" असे सांगून वर्दी नाकारली गेली, त्या समाजासाठी वर्दी म्हणजे नोकरीहून अधिक काही असते. ती बरोबरीचा पुरावा असते. असा पुरावा अंगावर वागवणाऱ्या मुलाने "मला भीती वाटते", "माझ्याने होत नाही" असे म्हणणे म्हणजे एकट्याचा कमकुवतपणा ठरत नाही, तो सगळ्या घराण्याचा, समाजाचा ठरेल असे त्याला वाटते. आजोबा सुभेदार, काका हवालदार आणि आपण मानसोपचारतज्ज्ञाच्या दाराशी? हे ओझे कोणत्याही सरकारी फॉर्मवर लिहिलेले नसते, पण ते असते.

युद्धाचा मनावर परिणाम होतो, ही गोष्ट नवी नाही. नाशिकजवळच्या देवळालीला ब्रिटिश सैन्याची छावणी होती. मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट पाहत गोरे शिपाई तिथे महिनोन्महिने पडून राहत. त्यातून त्यांच्या बोलीत 'डूलॅली' हा शब्द 'वेडा' या अर्थाने रूढ झाला आणि आजही इंग्रजीत वापरला जातो. महाराष्ट्रातल्या एका गावाचे नाव जगभर कुचेष्टेचा शब्द बनले. मनाच्या दुखण्याला हसून बाजूला सारण्याची सवय फौजेत इतकी जुनी आहे.

आकडे काय सांगतात

२०२१ मध्ये तत्कालीन संरक्षण राज्यमंत्री श्रीपाद नाईक यांनी संसदेत दिलेल्या माहितीनुसार, २०१४ पासूनच्या सात वर्षांत लष्करात ५९१, हवाई दलात १६० आणि नौदलात ३६ आत्महत्या झाल्या. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत, म्हणजे सीआरपीएफ, बीएसएफ, सीआयएसएफ वगैरे दलांत, २०२० ते २०२४ या पाच वर्षांत ७३० जणांनी जीव दिला. ही माहिती गृह मंत्रालयाने डिसेंबर २०२४ मध्ये राज्यसभेत दिली. यातल्या बहुसंख्य घटना जवान सुट्टीवरून परतल्यानंतर घडतात, असे मंत्रालयाच्याच कृतिदलाचे निरीक्षण होते. कुटुंबीयांनी ही बाब लक्षात ठेवावी. घरचा वाद, कर्ज, जमिनीचा खटला, मोडलेले लग्न हे सगळे बॅगेत भरून माणूस पुन्हा पोस्टवर जातो आणि तिथे त्याच्याशी बोलायला कोणी नसते.

दिल्लीतील युनायटेड सर्व्हिस इन्स्टिट्यूशन ऑफ इंडिया या संस्थेत एका कर्नलांनी केलेल्या अभ्यासात निम्म्याहून अधिक जवान तीव्र ताणाखाली असल्याचे म्हटले होते. जानेवारी २०२१ मध्ये त्याच्या बातम्या झाल्या. पाहणीचा नमुना फार लहान असल्याचे सांगून लष्कराने तो निष्कर्ष नाकारला आणि संस्थेच्या संकेतस्थळावरूनही तो मजकूर काढला गेला. आकडा किती खरा यावर वाद होऊ शकतो. प्रश्न आहे हे मात्र सरकारच्याच उत्तरांवरून दिसते.

इतर देशांत काय दिसते? इराक आणि अफगाणिस्तानातून परतलेल्या अमेरिकन सैनिकांवर चार्ल्स होग आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांच्यात मानसिक आजाराची लक्षणे आढळली त्यांपैकी फक्त २३ ते ४० टक्के सैनिकांनी मदत घेतली होती. "मला कमकुवत समजतील", "वरिष्ठ माझ्याशी वेगळे वागतील" ही भीती निरोगी सैनिकांपेक्षा आजारी सैनिकांत दुप्पट होती. म्हणजे ज्याला मदतीची गरज सर्वाधिक, तोच सर्वाधिक घाबरलेला.

आणि हा फक्त फौजेचा प्रश्न नाही. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार, नैराश्य आणि चिंता यांसारख्या सामान्य मानसिक आजारांत सुमारे ८५ टक्के भारतीय उपचारांपासून दूरच राहतात.

लष्करात उपचाराची वाट कशी असते

अडथळे समजण्यासाठी आधी व्यवस्था समजली पाहिजे. प्रत्येक युनिटला वैद्यकीय अधिकारी असतो. जवान ज्याला 'एमआय रूम' म्हणतो ती जागा म्हणजे पहिली पायरी. तिथला डॉक्टर गरज पडल्यास लष्करी रुग्णालयातील मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवतो. आपल्या भागाला जवळची मोठी लष्करी रुग्णालये म्हणजे कुलाब्याचे नौदलाचे 'अश्विनी' आणि पुण्याचे कमांड हॉस्पिटल. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभाग आहे.

मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवताना कमांडिंग ऑफिसरकडून एक अहवाल भरून घेतला जातो. त्याला 'एएफएमएसएफ-१०' म्हणतात. जवानाचे वागणे, शिस्त, व्यसन, कामातली कुवत याबद्दल युनिटचे मत त्यात असते. आजाराचे नीट निदान व्हावे हा त्यामागचा हेतू. पण याचा अर्थ असा की पोटदुखीसाठी डॉक्टरकडे जाणे ही जवान आणि डॉक्टर यांच्यातली बाब राहते, मनाच्या दुखण्यात मात्र साहेबाला कळवावेच लागते.

निदान झाल्यावर मेडिकल कॅटेगरी ठरते. त्यासाठी 'शेप' ही पद्धत आहे. यातील पाच इंग्रजी अक्षरे म्हणजे मानसिक क्षमता, श्रवण, हातपाय, शारीरिक क्षमता आणि दृष्टी. प्रत्येकाला १ ते ५ श्रेणी. सगळीकडे १ म्हणजे 'शेप-१', पूर्ण तंदुरुस्त. मानसिक आजारात पहिल्या अक्षराची श्रेणी खाली येते. ती बऱ्याचदा तात्पुरती असते आणि ठरावीक आठवड्यांनी पुन्हा तपासणी होते. बरा झालेला माणूस पुन्हा शेप-१ मध्ये येऊ शकतो. ही शेवटची गोष्ट अनेक जवानांना आणि जवळजवळ सगळ्या कुटुंबांना माहीत नसते. "एकदा कॅटेगरी लागली की संपले" ही समजूत अर्धीच खरी आहे.

वर्दीच्या आतले अडथळे

बढतीची भीती. बढती, काही कोर्स, परदेशातील शांतिसेनेची नेमणूक, उंच प्रदेशातील तैनाती यांसाठी मेडिकल कॅटेगरी पाहिली जाते. नायकाचा हवालदार होण्याच्या वर्षीच कोणी आपणहून कागद बिघडवून घेणार नाही. पेन्शनसाठी साधारण १५ वर्षे सेवा लागते. बारावे-तेरावे वर्ष चालू असलेला जवान "अजून दोन-तीन वर्षे ओढू" असेच म्हणतो.

गुप्ततेचा अभाव. कॅटेगरीची नोंद युनिटच्या कागदपत्रांत होते. क्लार्कला कळते, मग बरॅकला कळते. बरॅकमधून गावात पोहोचायला एक सुट्टी पुरते, कारण शेजारच्या वाडीतला मुलगाही बऱ्याचदा त्याच रेजिमेंटमध्ये असतो.

शस्त्र काढून घेतले जाणे. जीवाला धोका असेल तर शस्त्र दूर ठेवणे वैद्यकीयदृष्ट्या बरोबर आहे. पण पलटणीत ज्याच्या हातातून रायफल गेली त्याच्याकडे सगळे वेगळ्या नजरेने पाहतात. सोबत्यांचा विश्वास गमावणे ही जवानाला गोळीपेक्षा मोठी शिक्षा वाटते.

बोलायचे कोणाशी? लष्कराने समुपदेशक नेमले आहेत आणि युनिटमधील धर्मशिक्षकांनाही समुपदेशनाचे प्रशिक्षण दिले आहे. कल्पना चांगली आहे. पण धर्मशिक्षकांच्या भरतीत पंडित, ग्रंथी, मौलवी, पाद्री यांच्यासोबत जे बौद्ध भिक्खूचे पद असते ते महायान परंपरेतील असून मुख्यतः लडाख स्काउट्ससाठी असते. महाराष्ट्रातील बौद्ध जवानाला मंदिरातल्या पंडितजींकडे मन मोकळे करावे लागते. पंडितजी सहृदय असू शकतात. पण ज्याच्या त्रासात जातीवरून ऐकलेल्या टोमण्यांचाही वाटा आहे, तो तिथे किती बोलेल? संख्या कमी असली तरी ही मागणी आपण सनदशीर मार्गाने मांडायला हवी.

कायद्याची टांगती तलवार. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते आणि सरकारने तिची काळजी घ्यायची असते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुन्या कलम ३०९ सारखे सर्वसाधारण कलमच नाही. सरकारी कामात अडथळा आणण्यासाठी केलेल्या प्रयत्नापुरते कलम २२६ आहे. परंतु सेना कायदा, १९५० च्या कलम ६४ मध्ये आत्महत्येचा प्रयत्न हा आजही गुन्हा आहे आणि त्याला सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. २०१७ च्या कायद्यातील कलम ११५ फक्त भारतीय दंड संहितेच्या कलमाचा उल्लेख करते, सेना कायद्याचा नाही. नागरिकाला मिळालेले संरक्षण वर्दीतल्या नागरिकाला तेवढे स्पष्टपणे मिळालेले नाही.

मृत्यूचा मान. ऑक्टोबर २०२३ मध्ये पंजाबमधील एका अग्निवीराचा जम्मू-काश्मीरमध्ये कर्तव्यावर असताना स्वतःच्या रायफलच्या गोळीने मृत्यू झाला. त्याला लष्करी मानवंदना न दिल्यावरून वाद झाला. स्वतः करून घेतलेल्या इजेने मृत्यू झाल्यास १९६७ च्या आदेशानुसार मानवंदना दिली जात नाही आणि यात अग्निवीर व इतर असा भेद नाही, असे लष्कराने स्पष्ट केले. नियम काहीही असो, बरॅकमधल्या मुलांपर्यंत पोहोचणारा अर्थ एकच : गोळी लागली तर वीर, मन मोडले तर कोणीच नाही.

अग्निवीरांचा वेगळा प्रश्न

जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेत चार वर्षांनंतर जास्तीत जास्त २५ टक्के अग्निवीरांना नियमित सेवेत घेतले जाते. म्हणजे चार वर्षे सतत परीक्षाच चालू असते. चौघांतल्या एकालाच जागा मिळणार असेल तर "मला रात्री घाम फुटतो" हे कोण सांगेल? सोबतीही तिथे स्पर्धक असतो.

सेवेत असेपर्यंत अग्निवीराला लष्करी रुग्णालयाची सोय आहे. बाहेर पडल्यावर पेन्शन नाही आणि माजी सैनिकांची 'ईसीएचएस' ही आरोग्य योजनाही नाही. सेवेमुळे आलेल्या अपंगत्वाबद्दल टक्केवारीनुसार १५, २५ किंवा ४४ लाखांची एकरकमी भरपाई आहे. पण त्यासाठी आजार सेवेतच नोंदलेला हवा. ज्याने नोकरीच्या आशेने चार वर्षे त्रास लपवला, त्याच्याजवळ बाहेर आल्यावर एक कागदही नसतो. आपल्या वस्त्यांतून अग्निवीर झालेल्या मुलांना हे आजच सांगितले पाहिजे.

घराच्या बाजूचे अडथळे

सगळा दोष व्यवस्थेवर ढकलून चालणार नाही. जवानाला वर्षाला साधारण ६० दिवस वार्षिक आणि ३० दिवस नैमित्तिक रजा असते. ती घराचे बांधकाम, भातलावणी, बहिणीचे लग्न, कोर्टाची तारीख यांत संपते. उपचारासाठी सलग वेळ उरत नाही.

अंतर हा दुसरा अडथळा. श्रीवर्धन किंवा म्हसळ्याहून मुंबई-पुण्याला जाऊन यायचे म्हणजे दिवस मोडतो. सरकारी मनोरुग्णालये ठाणे आणि रत्नागिरीला. अलिबागच्या जिल्हा रुग्णालयाचा आणि जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचा आधार आहे, पण जवान सुट्टीत तिथल्या रांगेत उभा राहायला कचरतो, कारण ओळखीचे कोणी ना कोणी भेटतेच.

मग लपून उपाय सुरू होतात. कोणी खासगी डॉक्टरकडून रोखीने गोळ्या घेतो आणि युनिटला कळू देत नाही. सुट्टी संपते, गोळ्या संपतात आणि तो अचानक बंद करतो. झोपेच्या किंवा चिंतेवरच्या काही गोळ्या एकदम थांबवल्यास फिट येण्यापर्यंत त्रास होऊ शकतो. कोणी रमवर झोप विकत घेतो. घरचे म्हणतात, "फौजी आहे, घेणारच." दारू हे नैराश्याचे औषध नाही. तिने झोप तुटते आणि आवेग वाढतो.

कोणी भगताकडे जातो. बावीस प्रतिज्ञा पाठ असलेल्या घरातही "बाहेरचे काही लागले असेल" हे वाक्य ऐकू येते. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. उपचार रोखून भूत उतरवण्याचा धंदा हा त्याखाली गुन्हा ठरू शकतो. आणि कोणी थेट दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराला पाठवतो. ध्यानाचा अनेकांना लाभ होतो, पण तीव्र मानसिक आजार असलेल्यांनी शिबिर करू नये असे विपश्यना केंद्रेच सांगतात. आधी डॉक्टर, मग त्यांच्या सल्ल्याने ध्यान, हा क्रम पाळावा.

घरातल्या बाईचे दुखणे तर कोणी मोजतच नाही. नवरा सुट्टीवर आला की रात्री दचकून उठतो, मुलांवर ओरडतो, गप्प बसतो. ती सासूला सांगू शकत नाही, माहेरी सांगितले तर "फौजी नवरा मिळाला, अजून काय हवे" असे ऐकावे लागते. प्रत्यक्षात बदल सगळ्यात आधी तिलाच दिसतो. म्हणून माहिती आधी तिच्यापर्यंत पोहोचली पाहिजे.

पेन्शन आणि हक्क : काय माहीत असावे

मानसिक आजारामुळे सेवेतून कमी केले तरी सगळे संपत नाही. आजार सेवेमुळे झाला किंवा सेवेमुळे वाढला असे ठरले तर अपंगत्वाचे लाभ मिळतात. मेडिकल बोर्ड अनेकदा "घटनात्मक आजार, सेवेशी संबंध नाही" असे लिहिते. तेव्हा दोन निकाल लक्षात ठेवावेत. धरमवीर सिंग विरुद्ध भारत सरकार (२०१३) मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर जवान तेव्हा निरोगी होता असे मानले पाहिजे आणि सेवेशी संबंध नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी जवानावर नाही. त्याच वर्षीच्या वीर पाल सिंग प्रकरणात स्किझोफ्रेनियाचे निदान करून घरी पाठवलेल्या जवानाची नव्याने वैद्यकीय तपासणी करण्याचा आदेश न्यायालयाने दिला. प्रत्येक दावा जिंकला जातोच असे नाही. २०१९ मधील नरसिंग यादव प्रकरणात निकाल जवानाविरुद्ध गेला. तरीही दाद मागता येते आणि त्यासाठी सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे.

निवृत्त सैनिक आणि त्यांच्या कुटुंबासाठी ईसीएचएस योजना १ एप्रिल २००३ पासून आहे. त्यात मानसोपचारही येतो. कागदपत्रांच्या मदतीसाठी अलिबागला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. तिथे विधवा आणि वीरमातांनीही न संकोचता जावे.

फोनवरून मदतीसाठी 'टेली-मानस' ही केंद्र सरकारची मोफत सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६. मराठीत बोलता येते. सैनिक आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी या सेवेचा स्वतंत्र कक्ष पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात १ डिसेंबर २०२३ रोजी प्रायोगिक स्वरूपात सुरू झाला. युनिटमध्ये जाण्याआधी फोनवर बोलता येणे, हा वर सांगितलेल्या अनेक भीतींवरचा पहिला उतारा आहे.

आपण काय करू शकतो

ब्रिटनच्या रॉयल मरीन्समध्ये १९९० च्या दशकात 'ट्रिम' नावाची पद्धत सुरू झाली. धक्कादायक प्रसंगानंतर डॉक्टरऐवजी त्याच तुकडीतला प्रशिक्षित सोबती आधी बोलतो आणि गरज वाटली तरच पुढे पाठवतो. सैनिक सैनिकाशी बोलतो, हे त्यामागचे साधे तत्त्व. आपल्याकडे निवृत्त जवानांची कमतरता नाही. प्रत्येक तालुक्यात दोन-तीन निवृत्त सुभेदार, हवालदार ऐकून घ्यायला तयार झाले, तर ती मोठी सोय होईल. त्यांना कॅटेगरीचे नियम ठाऊक असतात आणि "मलाही असे झाले होते" हे वाक्य त्यांच्याच तोंडी शोभते.

विचारण्याची पद्धत बदलू या. "काही टेन्शन नाही ना?" या प्रश्नाचे उत्तर "नाही" हेच येते. त्याऐवजी धाकट्या भावाने विचारावे, "दादा, रात्री किती वाजता झोपतोस? मध्येच जाग येते का?" बायकोने विचारावे, "अहो, जेवण जाते का? कोणाशी बोलता का तिकडे?" झोप, भूक आणि सोबत यांवर बोलणे सोपे जाते. तो बोलू लागला की उपदेश करू नये, ऐकावे.

धोक्याच्या खुणा ओळखाव्यात : अनेक आठवडे झोप नसणे, दारू वाढणे, किरकोळ गोष्टींवर स्फोट, आवडीच्या गोष्टी सोडणे, वस्तू वाटून टाकणे, निरोप घेतल्यासारखे बोलणे, "माझ्यामागे सगळे सांभाळा" अशी भाषा. अशा वेळी "जीव द्यावासा वाटतो का?" असे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट मनावरचे दडपण उतरते. त्याला एकटे सोडू नये. घरात परवान्याचे शस्त्र किंवा शेतीचे विषारी औषध असेल तर त्याच्या हाती लागणार नाही असे ठेवावे आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. तो तैनातीवर असेल तर युनिटच्या अधिकाऱ्याला किंवा सुभेदार मेजरना फोन करावा. "त्याचे नुकसान होईल" म्हणून गप्प राहू नये. गेलेली बढती पुढे मिळू शकते.

कागद जपावेत. प्रत्येक तपासणीची पावती, रजेचा अर्ज, रुग्णालयातून घरी सोडल्याचा कागद यांच्या प्रती घरी ठेवाव्यात. उपचार चालू असतील तर सुट्टी संपण्याआधी पुढच्या गोळ्यांची सोय करावी.

विहारातून बोलावे. पौर्णिमेच्या कार्यक्रमात किंवा वर्षावासात एक संध्याकाळ फौजी कुटुंबांसाठी ठेवता येईल. १४४१६ हा क्रमांक विहाराच्या फलकावर लिहिता येईल. आणि गुप्तता पाळावी. एखाद्या कार्यकर्त्याने ऐकलेली गोष्ट चहाच्या टपरीवर सांगितली, तर त्या वस्तीतला दुसरा जवान पुन्हा कधीच तोंड उघडणार नाही.

मागण्याही मांडल्या पाहिजेत : सेना कायद्यातील कलमाचा फेरविचार, बरा झालेल्या जवानाच्या बढतीत आजाराची आडकाठी येणार नाही अशी हमी, युनिटला न कळवता घेता येतील अशा समुपदेशनाच्या काही भेटी, चार वर्षांनंतर बाहेर पडणाऱ्या अग्निवीरांना मानसोपचाराची सोय, आणि बौद्ध जवानांसाठी आपल्या परंपरेतील समुपदेशक.

वर्दीच्या हक्कासाठी वलंगकरांनी अर्ज लिहिला, बाबासाहेबांनी रेजिमेंटसाठी आग्रह धरला. वर्दीतला माणूस आजारी पडला तर त्याला उपचार मिळावेत आणि त्यासाठी त्याला नोकरी किंवा मान गमवावा लागू नये, ही त्याच हक्काची पुढची मागणी आहे. ती मागणी सरकारकडे करताना आपल्या वस्तीतही तेच वागणे ठेवावे लागेल.